पानावरचं मौन

"पानावर बसलीस की बोलायचं नाही. कुणी काही विचारो. हात धुवून चूळ भरलीस की मग काय ते बोल."

सासूबाईंचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो. घोगरा, घाई नसलेला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि लग्नानंतरचा पहिलाच चातुर्मास होता. कुणी वांगं सोडतं, कुणी मीठ सोडतं. सासूबाईंनी मला मौनाने जेवण्याचा नेम दिला. चार महिने पाळायचा, मग देवळात घंटा द्यायची आणि नेम सोडायचा, अशी रीत. मी घंटा दिली, पण नेम सोडला नाही. यंदाच्या आषाढात त्याला अडतीस वर्षं झाली.

नेमाला एक नियम जोडलेला आहे. मौन मोडलं तर पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला हात लावायचा नाही. अडतीस वर्षांत माझं मौन दोनदा मोडलं. एकदा लहानग्या सुहासच्या घशात बोराची बी अडकली तेव्हा आणि एकदा स्वयंपाकघरात साप निघाला तेव्हा. आमच्या कर्जतच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण देतात. मला ते ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

आता घरात आम्ही तिघंच आहोत. मी, माझा मुलगा सुहास आणि त्याची सात वर्षांची मुलगी मनवा. यजमान विष्णुपंत जाऊन सहा वर्षं झाली. सून लीना पाच आठवड्यांपूर्वी खर्ड्याला माहेरी गेली. चार दिवसांसाठी जाते म्हणाली होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती, म्हणून मनवाला सुहासने इथेच ठेवून घेतलं.

आणि लीना गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून मनवा बोलेनाशी झाली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. शांत मूल घरात असलं की मोठ्यांना ते गुणी वाटतं. मग शाळेतून बाईंचा फोन आला की मनवा हजेरीलासुद्धा ओ देत नाही, नुसता हात वर करते. घरीही तेच. मान हलवायची, बोट दाखवायची, हसायची तेही आवाज न करता. रोज संध्याकाळी लीनाचा फोन यायचा. मनवा मोबाईल कानाला घट्ट धरून ऐकायची, डोळे भरून यायचे, पण तोंडातून अक्षर नाही. पलीकडून लीना "मनू, मनू" करत राहायची. एकदा ती शाळेत येऊन भेटून गेली. मनवा तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली आणि गप्प. लीना रडत जामखेडच्या गाडीत बसली, असं बाईंनी सांगितलं.

"रुसलीये तुझ्यावर," सुहासने फोनवर सांगून टाकलं. "टाकून गेल्यावर काय करेल पोर?"

घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घसा उत्तम आहे. दूध घालायला येणारी बनुबाई मात्र रोज नवीन निदान करायची.

"काकू, लेकराला बाहेरचं लागलंय. माझं ऐका, आमोशाला उतरून टाका."

"उतरलं गं परवाच. मीठ-मोहऱ्या घेतल्या."

"मिठानं काय हुतंय? आमच्या आदिनाथाला आसंच झालं हुतं. तीन दिस तोंड उघडंना. मी म्हनलं लागिर झालं. निघाली दाढ."

"मनवाची दाढ नाही गं दुखत."

"न्हाई, पर बघा तर खरं." मग दुधाचं माप घालता घालता आवाज खाली आणून म्हणाली, "आन् तुमी बी कमी बोलता, काकू. लेकरू कुनाकडून शिकनार बोलाया? तुमच्या घरात म्या आले की मलाच दोघांचं बोलावं लागतं."

मी हसले. बनुबाईचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी दिशा नावाची एक मुलगी येते. मानसशास्त्र शिकलेली आहे, माणसांशी बोलते, मुलांशी खेळते. शाळेच्या बाईंनी तिचं नाव सुचवलं. सुहास म्हणाला, "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊन पोरीवर शिक्का मारायचाय का?" तरी गुरुवारी मार्गशीर्षाची पूजा आटोपली आणि मनवाला घेऊन चालत निघाले. माझे गुडघे दुखत होते. मनवा माझ्या चालीने चालत होती, मध्येच थांबून माझ्याकडे बघत होती. सात वर्षांच्या मुलीने म्हातारीची काळजी घ्यावी तशी.

दिशाच्या खोलीत एक चटई होती, काही बाहुल्या आणि भातुकलीची छोटी भांडी. ती मनवाला "बोल" म्हणाली नाही. नाव विचारलं नाही. स्वतःच चटईवर बसली आणि बाहुल्यांसाठी स्वयंपाक करू लागली. थोड्या वेळाने मनवा सरकत सरकत जवळ गेली. तिने चार ताटल्या मांडल्या. चार बाहुल्या बसवल्या. त्यातल्या एका बाहुलीचे दोन्ही हात तिने जोडले, मग तिच्या तोंडावर आपलं बोट ठेवलं आणि तसंच धरून दुसऱ्या हाताने तिला खोटा घास भरवला.

पान वाढलं की मी हात जोडते आणि ओठांना बोट लावते. अडतीस वर्षं रोज दोन वेळा. ते दुसऱ्या कुणाच्या हातांनी केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मनवाला बाहेर परिचारिकेपाशी चित्रं काढायला बसवून दिशाने मला विचारलं, "काकू, घरात अजून कोण बोलत नाही?"

मी माझा नेम सांगितला. ती ऐकत होती. वही मिटून ठेवलेली होती.

"मनवाने कधी विचारलं होतं का, तुम्ही जेवताना का बोलत नाही?"

विचारलं होतं. श्रावणात, नैवेद्य दाखवताना. आणि मी तिला म्हटलं होतं, "आपण गप्प राहिलं की देव आपलं ऐकतो. मागितलेलं देतो." दुसरं काय सांगणार होते? सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं.

दिशा म्हणाली, "या वयातल्या मुलांना वाटतं, जगात जे होतं ते आपल्यामुळे होतं. आई गेली तीही आपल्यामुळे, आणि परत आली तर तीही आपण काही केलं म्हणूनच. मोठी माणसं काय सांगतात ते ती विसरतात. काय करतात ते मात्र बरोबर उचलतात. तुमची नात रुसलेली नाही, काकू. मला वाटतं, ती कष्ट करतेय."

कष्ट करतेय. हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला.

"मग तिला मी सांगू का, बोल म्हणून?"

"सांगितलंत तर ती अजून घट्ट धरेल. आपण घाबरलो की जे हातात आहे ते घट्ट धरतो. लहान काय, मोठे काय." मग तिने अगदी हळू विचारलं, "तुम्ही कशासाठी धरलंत? चार महिन्यांनी सोडायचं होतं ना?"

मी म्हटलं, "देवासाठी."

तिने मान डोलावली. वाद घातला नाही. तिने वाद घातला असता तर मी रागावून उठले असते आणि सुटले असते. पण तिने मान डोलावली, म्हणून ते उत्तर माझ्याजवळच राहिलं. परतीच्या वाटेवर मी ते उलटून पालटून बघत होते.

विष्णुपंत वाईट नव्हते. पण त्यांचा दिवसभराचा सगळा राग पानावर निघायचा. ते नोकरीला होते त्या शाळेतला शिपाई, भावकीतला बांध, आमटीतलं मीठ, सगळं एकाच सुरात. "तुला काय वाटतं? बोल ना. तोंड शिवलंय का?" असं विचारायचे. काहीही म्हटलं तरी चुकायचं. नेम घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आता उत्तर द्यावं लागत नाही. तेही हळूहळू विचारेनासे झाले. बायको व्रतस्थ आहे म्हणून जरा मानही देऊ लागले. मला ती जागा सापडली. मी तिथे बसले आणि उठलेच नाही. देव होता, नाही असं नाही. पण देवाच्या आड मीही होते.

आता जे सांगायचं ते मी दिशालाही सांगितलं नव्हतं.

लीना विज्ञानाची शिक्षिका. मनवा झाल्यावर नोकरी सुटली ती सुटलीच. दसऱ्याच्या सुमारास तिने नगरच्या एका शाळेत अर्ज केला. एका सकाळी ती अंघोळीला गेली होती, मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, तो वाजला आणि सुहासने घेतला. मी तिथेच वाती वळत होते. "हो, सोमवारी अकरा वाजता. सांगतो मी तिला," असं तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस. मी सांगेन."

त्याने सांगितलं नाही. सोमवार गेला. दहा दिवसांनी लीनाने शाळेत स्वतः फोन केला, तेव्हा मुलाखत होऊन गेल्याचं तिला कळलं.

त्यानंतरचा रविवार होता. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. लीना वाढत होती. तिने विचारलं तेव्हा सुहास शांतपणे म्हणाला, "मी त्याच दिवशी सांगितलं तुला. तू विसरलीस. हल्ली होतंय तुझं असं. गॅस चालू ठेवतेस, किल्ल्या विसरतेस. आता हेही."

लीनाच्या हातात भाताची वाटी होती. ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही घरातच होतात. तुम्हीच सांगा. यांनी मला सांगितलं होतं का? माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच मला कळू दे."

मी दुसरा घास घेतला होता. मी तिच्याकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं आणि तिसरा घास कालवला.

बोलले असते तर एका दिवसाचा उपास घडला असता. उपास तर मी आठवड्यातून दोन करतेच. सापासाठी मी पानावरून उठले होते.

लीनाने वाटी खाली ठेवली. हात धुवून मी चूळ भरली तोवर ती आपल्या खोलीत गेली होती. नंतर मी तिच्या दारापाशी जाऊन "लीना, जेवून घे" म्हटलं. तेवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती खर्ड्याला गेली. त्या रविवारी जेवताना मनवा माझ्या शेजारच्या पाटावर बसलेली होती. तिने सगळं पाहिलं होतं. आईने विचारलं, आजी बोलली नाही, आई गेली. आणि आजी तर देवाची लाडकी.

शनिवारी दुपारी मनवा अंगणात ओट्यावर पाटीवर फुली-गोळा खेळत होती, स्वतःशीच. मी तिच्याजवळ बसले.

"मनू, तू नेम घेतलायस का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली. हो.

"कशासाठी?"

तिने फुल्या पुसल्या आणि पाटीवर लिहिलं, *आई येईपर्यंत*. मग जरा विचार करून खाली लिहिलं, *तुझा जास्त दिवस आहे म्हणून मी पूर्ण दिवस*.

म्हणजे माझी अडतीस वर्षं गाठायची म्हणून ती जेवणापुरतं नाही, अख्खा दिवस गप्प राहत होती. झोपेतसुद्धा ओठ मिटलेले असतात तिचे, ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, थंडीने.

मी तिला लगेच काही बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. मी तिच्या केसांना तेल लावत बसले. दिशाने सांगितलं होतं, घाबरलो की हातात असेल ते आपण घट्ट धरतो. माझ्या हातात तेलाची वाटी होती.

रविवारी सुहास घरी होता. मी वरण-भात, मेथीची भाजी केली. तिघांची पानं मांडली. हात जोडले, ओठांना बोट लावलं. मनवानेही लावलं. मी पहिला घास घेतला, गिळला आणि म्हटलं,

"सुहास, तो फोन तू घेतलास. मी तिथेच होते. तू लीनाला सांगितलं नाहीस."

माझा आवाज मलाच परका वाटला. पानावर बसून बोलताना तो कसा येतो हे मला माहीतच नव्हतं.

सुहासचा हात थांबला. "आई, तुझं मौन..."

"मोडलं. तू तिला सांगितलं नाहीस, आणि ती विसरते असं तिला पटवलंस. मी गप्प बसून त्यावर शिक्का मारला."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याच्या वडिलांसारखा. तो चिडला नाही. पानातल्या भातावर बोट फिरवत राहिला. केस विरळ झालेत त्याचे, मी बऱ्याच दिवसांत नीट पाहिलं नव्हतं.

"ती रोज नगरला जाणार, मग तिथेच खोली घेणार, मग..." तो म्हणाला. "परत आली असती का गं ती?"

"ते मला माहीत नाही. पण आता गेलीच ना."

"मला वाटलं, एक मुलाखत चुकली तर काय होतंय. मग तिने विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे कसं घ्यायचं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू तेव्हा का नाही बोललीस, आई? तू बोलली असतीस तर मी मान्य केलं असतं."

केलं असतं की नाही, देव जाणे. पण त्याने मला हे विचारावं, इतका तो अजून माझा मुलगा होता.

"भीती वाटली," मी म्हटलं. "सवय झाली होती."

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूने एक बारीक, गंजल्यासारखा आवाज आला.

"आजी, तू बोललीस. आता पानावरून ऊठ."

मनवा गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती. नियम म्हणजे नियम. सुहासने तोंडावर हात ठेवला. मी काहीही केलं नाही, तिला जवळ ओढलं नाही, रडले नाही. तसं केलं असतं तर ती पुन्हा मिटली असती.

"उठते हं," म्हटलं, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. पान बाजूला सारलं. मोरीवर हात धुतले.

वळले तर मनवा माझ्या मागेच उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आजी, मी पण बोलले," ती कुजबुजली. "माझं पण मोडलं. आता आई येणार नाही."

मी मोरीच्या कठड्यावर बसले, म्हणजे आमचे डोळे समोरासमोर आले.

"तुझ्या गप्प राहण्याने आई येणार नव्हती, मनू. आणि तुझ्या बोलण्याने अडणारही नाही. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. देव गप्प माणसाचंच ऐकतो असं काही नाही."

"मग ती का गेली?"

"तिने एक प्रश्न विचारला होता. मला उत्तर येत होतं आणि मी दिलं नाही. म्हणून."

"माझ्यामुळे नाही?"

"तुझ्यामुळे नाही. जराही नाही."

तिने यावर विचार केला. "मग तू आता दे ना उत्तर."

"देते. तिच्या घरी जाऊन देते."

"काय सांगणार?"

"सांगणार, लीना, तू खरं बोलत होतीस. तुझं डोकं ठिकाणावर आहे. आणि आजी घाबरली होती."

"मग ती येणार?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. लहान मुलांशी आपण किती सहज बोलतो. "ते तिचं ती ठरवेल. येईल किंवा नाही येणार. किंवा तुला तिकडे घेऊन जाईल. पण मी सांगणार, हे नक्की."

"कधी?"

"उद्या."

"फोनवर नको," मनवा म्हणाली. "फोनवर तोंड दिसत नाही."

संध्याकाळी लीनाचा फोन आला तेव्हा मनवाने तो घेतला आणि "आई" म्हणाली. पुढचं मी ऐकलं नाही. मी तुळशीपाशी गेले, कारण ते दोघींचं होतं. दिवसभर त्या एका घासापलीकडे काही खाल्लं नव्हतं, डोकं हलकं झालं होतं. आणि थकले होते मी. शेतातून यावं तशी नाही. फार वर्षं एकाच बाजूवर निजून उठावं तशी.

सोमवारी पहाटे देवाला पाणी घातलं. सुहास उठून दारात उभा होता. "मी सोडू का जामखेडपर्यंत?" त्याने विचारलं. "गाडी काढतो."

"नको. तू मनवाला शाळेत सोड. तू येशील तेव्हा तुझं तू बोल. माझ्या पाठीमागून नको."

त्याने मान हलवली. जरा वेळाने म्हणाला, "तिला सांग, मी..." आणि थांबला. मीही थांबले. त्याला शब्द सापडला नाही, आणि मी माझ्याकडचा दिला नाही.

मनवा झोपली होती. तोंड उघडं होतं, थोडी घोरत होती. तिचं पांघरूण सारखं केलं. पिशवीत एक लुगडं आणि पाण्याची बाटली ठेवली. चपला पायात सरकवल्या आणि दार हळू ओढून घेतलं. जामखेडची पहिली गाडी सव्वासहाला सुटते. मी हळूहळू स्टँडच्या दिशेने चालू लागले.